कॅचरला विचारा

त्या दिवशी किनोसावा गावात टोफू कोणी नीट पाहून घेतला नाही. अरामाकींच्या दुकानात जो येई तो हातात सकाळचे वर्तमानपत्र घेऊनच येई, आणि पिशवी पुढे करण्याआधी ते फळीवर आपटी. बातमी चार ओळींची होती. प्रांताच्या शालेय बेसबॉलच्या अंतिम सामन्यात गावच्या शाळेचा मुख्य पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, मिनासे खेळणार नाही, असे प्रशिक्षक त्सुचिदा यांनी सांगितले होते. सामना उद्याच होता. तो जिंकणारा संघ कोशिएनच्या राष्ट्रीय स्पर्धेला जाणार होता, आणि किनोसावाला तो मान त्रेचाळीस वर्षांपूर्वी एकदाच मिळाला होता.

"शाळेत दहादा फोन लावला," लाँड्रीवाल्या इरिएबाई म्हणाल्या. "लागेल तर शपथ. अख्खं गाव त्या मास्तराला शिव्या घालायला बसलंय, माझा नंबर कधी लागायचा?"

"तुम्ही काय करणार ते सांगा, अध्यक्ष," मागून कोणीतरी म्हणाले. "माजी विद्यार्थी संघाचे अध्यक्ष तुम्ही. त्या पोरट्यांना बस कोणी दिली? चेंडू कोणी दिले?"

एकसष्ट वर्षांच्या अरामाकींनी डाव्या हाताने टोफूची वडी कापून पाण्यात सोडली. उजवा हात त्यांच्या पोटाशी नेहमीसारखा अर्धवट वाकलेला होता. तो पुरता सरळ होत नसे आणि पुरता वाकतही नसे. त्रेचाळीस वर्षांपूर्वी सलग चार दिवस चार सामने टाकून शाळेला कोशिएनला नेणारे पिचर ते हेच. स्टेशनसमोरच्या दगडावर त्यांचे नाव कोरलेले होते. गावातल्या आया पोरांना तो वाकडा हात दाखवून म्हणत, बघ, जिद्द अशी असते.

"जातो आणि विचारतो," ते म्हणाले. "आमच्या वेळी दुखतंय म्हणायची सोय नव्हती."

"ही रांग टोफूची आहे की मोर्चाची?" आतून त्यांची बायको याएको म्हणाली. "मोर्चा असेल तर वड्या तरी घेऊन जा म्हणावं. नासतील."

मैदानावर त्सुचिदा एकटेच चुन्याच्या रेघा ओढत होते. गणित शिकवणारा, तिशी नुकती ओलांडलेला हा माणूस दोन वर्षांपूर्वी शहरातून आला होता, आणि गावाच्या लेखी अजून पाहुणाच होता. अरामाकींना पाहून त्याने टोपी काढली.

"नियम एका पिचरला आठवड्याला पाचशे चेंडूंचा आहे," अरामाकींनी नमस्काराचीही वाट पाहिली नाही. "पोराने सहा दिवसांत चारशे बारा टाकलेत. अठ्ठ्याऐंशी उरतात. गणित तुम्हीच शिकवता ना, मास्तर?"

"गणित बरोबर आहे, अध्यक्ष."

"मग?"

"पाचशेपर्यंत परवानगी आहे. पाचशे टाकलेच पाहिजेत असं कुठं लिहिलंय?"

"मिनासे म्हणाला का, दुखतंय म्हणून?"

"नाही. तो म्हणतो, मी ठीक आहे. तो उद्या हात तुटला तरी तेच म्हणेल, म्हणून मी त्याला विचारलंच नाही. कॅचरला विचारलं."

पिचरचे चेंडू झेलणारा कॅचर कुगा शेडच्या पायरीवर आपल्या मोठ्या हातमोज्याला तेल चोळत बसला होता. अरामाकी त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले. "तू सांगितलंस?"

मुलगा उठला. मान खाली, पण आवाज स्पष्ट होता. "त्याचा चेंडू माझ्या मोज्यात पोचायच्या आधीच खाली बसतोय, काका. कालपासून. आणि तीन दिवस झाले, तो डाव्या हाताने जेवतोय. कोणी बघितलं की चॉपस्टिक्स उजव्या हातात घेतो."

"म्हणजे चहाडी केलीस."

"त्यांनी विचारलं."

"कॅचर पिचरची ढाल असतो रे. तू त्याला विकलंस. उद्या हरलो तर त्या दगडावर तुझंही नाव कोरू, काळजी करू नकोस."

शेडच्या दारात मिनासे उभा होता. कधीपासून, कोणास ठाऊक. उंच, काटकुळा, उजवा हात खिशात. त्याने कुगाकडे पाहिलेही नाही. "ज्याला नको होतं कोशिएन, त्यानेच बोलावं," एवढे म्हणून तो बाहेर पडला. कुगाने मोजा उचलला आणि पुन्हा तेल चोळू लागला. जिथे चोळून झाले होते तिथेच.

चार वाजता शाळेच्या सभागृहात संघाला निरोप द्यायचा समारंभ होता. अध्यक्षांचे भाषण ठरलेले. अरामाकी दर शनिवारप्रमाणे दाढीसाठी सुगायाकडे गेले. सुगाया हा न्हावी त्यांच्याच संघातला कॅचर. त्रेचाळीस वर्षे तो अरामाकींची दाढी करत आला होता, आणि त्याने कधी एक पैसा घेतला नव्हता. अरामाकींचा उजवा हात हनुवटीपर्यंत पोचत नसे. डाव्या हाताने त्यांनी एकदाच प्रयत्न केला आणि कान कापून घेतला. त्यानंतर हे असेच चालू होते.

"भाषणात त्या मास्तराची सालं काढणार आहे," खुर्चीत मागे रेलत ते म्हणाले. "आणि त्या कुगाची. असला कॅचर? तू असतास तर मेलास तरी बोलला नसतास."

सुगायाने फेस लावला. वस्तरा पट्ट्यावर ओढला. मग अरामाकींचे डोके कपाळावर हात ठेवून मागे केले.

"नाहीच बोललो," तो म्हणाला.

"तेच म्हणतोय."

"तेच मीही म्हणतोय. हलू नकोस, हातात वस्तरा आहे. आपल्या त्या अंतिम सामन्यात आपले तेव्हाचे मास्तर प्रत्येक डावानंतर मला विचारायचे, चेंडू कसा येतोय? तुला ठाऊक नसेल. ते तुला नाही, मला विचारायचे. मी म्हणायचो, झकास येतोय. सातव्या डावात तुझा चेंडू माझ्या मोज्यात ओल्या फडक्यासारखा पडत होता. तू कॅप डोळ्यांवर ओढून रडत होतास. मी म्हणालो, झकास येतोय."

अरामाकी वस्तऱ्याखालूनच म्हणाले, "आपण जिंकलो."

"जिंकलो. एक-शून्य. मला कोशिएन बघायचं होतं रे, एवढंच. तुझा हात गेला तरी मला ते बघायचं होतं."

"मी कधी तक्रार केली?"

"तिथंच घोळ झाला." सुगायाने वस्तरा बाजूला घेतला. त्याचा आवाज चढला होता, आणि त्या दुकानात तो कधी चढत नसे. "तू तक्रार केली नाहीस म्हणून या गावाला वाटतं, त्या जिंकण्याला काही लागलंच नाही. तुझ्या लेकाला तू एकदा तरी चेंडू टाकलास? तो गल्लीत भिंतीवर चेंडू मारायचा, बाप असून. आणि लोक त्या हाताची आरती ओवाळतात, तू ओवाळून घेतोस. आज सकाळी एका सतरा वर्षांच्या पोरानं तेवढी एक गोष्ट केली, जी मला जमली नाही. आणि तू त्याला म्हणालास, मित्राला विकलंस. गावभर झालंय."

"तू माझा मित्र आहेस म्हणून ऐकून घेतोय."

"मित्र म्हणून मी दाढी करतो असं वाटलं तुला? त्रेचाळीस वर्षं? हे प्रायश्चित्त आहे, अरामाकी."

सुगायाने उरलेली अर्धी दाढी पूर्ण केली, गरम फडक्याने तोंड पुसले. अरामाकी उठले तेव्हा आरशात त्यांना आपला हात दिसला. तो काही जिद्दीसारखा दिसत नव्हता. नुसता वाकडा दिसत होता.

सभागृह गच्च भरले होते. पहिल्या रांगेत इरिएबाई, मंचावर संघ, एका टोकाला मिनासे, दुसऱ्या टोकाला कुगा. अरामाकी मंचावर चढताच टाळ्या पडल्या. गावाला आता न्याय मिळणार होता.

"मी भाषण लिहून आणलं होतं," ते म्हणाले. "ते वाचणार नाही. एक गोष्ट दाखवतो." त्यांनी उजवा हात वर केला. तो छातीपर्यंत आला आणि थांबला. त्यांनी आणखी जोर लावला, कपाळाची शीर फुगली. हात तिथेच राहिला. "मला स्वतःची हनुवटी खाजवता येत नाही. तुम्ही याला जिद्द म्हणता. मीही म्हणत आलो. खरं म्हणजे त्या दिवशी मला थांबवणारं कोणी नव्हतं, आणि थांबतो म्हणायला माझी स्वतःची जीभ उचलली नाही."

"हे आज कशाला?" मागून एक आवाज आला. "उद्या सामना आहे!"

"म्हणूनच आज. उद्या उशीर होईल." ते कुगाकडे वळले, आणि साठी उलटलेला तो माणूस सतरा वर्षांच्या मुलासमोर कमरेतून वाकला. "सकाळी मी जे बोललो ते माझं चुकलं. तू ढालच होतास."

टाळ्या पडल्या नाहीत. खुर्च्या सरकल्या. "मास्तरानं यांनाही गुंडाळलं," असे इरिएबाई शेजारणीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाल्या आणि उठून गेल्या. त्यांच्यामागे अर्धे सभागृह गेले.

दुसऱ्या दिवशी किनोसावा सात-दोनने हरले. दोन बदली पिचरांनी शेवटपर्यंत झुंज दिली, पण ती पाहायला कोणाला सवड नव्हती. आठव्या डावापासून प्रेक्षक त्सुचिदांच्या नावाने ओरडत होते. सामना संपल्यावर कुगा बाहेर आला तेव्हा कुंपणापाशी तीन-चार माणसे त्याचीच वाट पाहत होती. "आला, गद्दार आला," एक म्हणाला. अरामाकी पुढे होणार, तेवढ्यात मिनासे मधून आला. त्याने कुगाच्या खांद्यावरची कॅचरच्या सामानाची जड पिशवी काढून घेतली, आपल्या डाव्या खांद्यावर टाकली आणि बसकडे चालू लागला. कुगा त्याच्यामागे गेला. दोघांत हातभर अंतर होते. बसमध्येही ते वेगवेगळ्या बाकांवर बसले, पण पिशवी मिनासेच्या मांडीवर होती.

गावाने अरामाकींना माफ केले असे नाही. पंधरा दिवस टोफू उरत राहिला आणि याएको रोज सकाळ-संध्याकाळ तोच तळून वाढत राहिली. "सत्याला चव असते म्हणतात," ती म्हणाली, "पण दोन्ही वेळा?" शाळेऐवजी फोन आता दुकानात येऊ लागले, आणि अरामाकी प्रत्येक फोन घेत. शिव्या संपेपर्यंत ऐकत, मग एकच विचारत: "तुमच्या घरात लहान कोण आहे?" बरेच जण तिथे फोन ठेवून देत. एक गृहस्थ मात्र म्हणाले, "नातू. पिचरच आहे." मग त्यांनी विचारले की हात दुखत असला तर ओळखायचा कसा.

सामन्यानंतरच्या पहिल्याच शनिवारी अरामाकी सुगायाच्या खुर्चीत बसले होते. "प्रायश्चित्त पुरे झालं," ते म्हणाले. "आजपासून मित्र म्हणून कर."

"मित्र म्हणून केली तर कापेलही," सुगाया म्हणाला.

"काप."

वाचकहो, मूल कधीच नाही म्हणत नाही. आपण त्याला जमेल का म्हणून विचारतो, ते जमेल म्हणते, आणि आपण त्या उत्तराच्या आड लपून आपली हौस भागवतो. मैदान असो, परीक्षा असो वा रंगमंच, टाळ्या आपल्या असतात आणि झीज त्याची. नियमाने घातलेली मर्यादा ही शेवटची भिंत आहे, तिथपर्यंत मुलाला ढकलत नेण्याची मुभा नव्हे. आणि ज्या थोरांनी आपल्या काळात मुकाट्याने सोसले, त्यांनी ते सोसणे वारसा म्हणून पुढे देऊ नये. ते दुखले होते, एवढे तरी त्यांनी स्पष्ट सांगावे. जो मुलाच्या सर्वांत जवळ उभा असतो, त्याला विचारावे. तो खरे बोलला, तर त्याला एकटे पाडू नये.