तिसऱ्या गाण्यातली लाट

कौस्तुभच्या पहिल्या अल्बमवर मुंबईत बरंच लिहून आलं. कुणी म्हटलं, गिटारला खाऱ्या वाऱ्याचा गंज चढलाय. कुणी म्हटलं, ड्रम जरा कमी आदळा. त्याने सगळं वाचलं आणि मालवणातल्या आपल्या रविवारच्या गाण्याच्या कार्यक्रमाआधीच तारकर्ली गाठली. त्याला एकाच माणसाचं मत हवं होतं. किनाऱ्यावर सगळे मिळून रापणीचं जाळं ओढताना हाळी देणाऱ्या लवूकाकांचं. तिसरं गाणं त्यांच्या हाळीवरच बांधलेलं होतं:

ये गो लाटे, घेवन ये गो,
पायांकडे ठेवन ये गो.

लवूकाकांनी हेडफोन लावला. गुडघ्यांवरचे हात दोर धरल्यासारखे मिटले आणि मध्येच उघडले. परत लाव म्हणाले. असं तीनदा. मत काही दिलं नाही; गाताना जाळं कोण ओढत होतं, एवढंच विचारलं. कुणीच नाही, कौस्तुभ म्हणाला. स्टुडिओत जो तो एकटा गातो, कानात मोजणीची टिकटिक चालू असते. लवूकाकांना याची फार गंमत वाटली. सकाळी गाणं घेऊन रापणीवर ये, म्हणाले.

सकाळी स्पीकर बघून दोराशी उभी हौसाबाई म्हणाली, "बांगड्यांच्या लग्नाचो बँड हाडलंस काय रे?"

गाणं लागलं. माणसं त्यावर ओढू लागली. तीन हिसके बरे गेले. चौथ्याला पाणी मागे फिरत होतं आणि गाणं म्हणत होतं, ओढा. दोर तळव्यांतून सरकला, हौसाबाई ओल्या वाळूत बसली. हसू किनाराभर पसरलं. कौस्तुभ तेवढा हसला नाही.

लवूकाकांनी स्पीकर बंद करायला लावला.

"गळो बरो आसा तुझो. पण लाटेक बोलावलंस आणि येवची वाट बघूक नाय."

मग त्यांनी स्वतः हाळी दिली आणि थांबले. दोर ताणलेला, माणसं निश्चल. लाट आली, तिने जाळं उचललं, तेव्हाच सगळे मागे झुकले. कौस्तुभ प्रत्येक थांबण्याचे ठोके मोजत होता: तीन, मग पाच, मग दोन. शेवटी मोजणं सोडून त्याने दोर धरला.

संध्याकाळी ड्रम वाजवणाऱ्या अनुजाला त्याने फोन केला. रविवारी तिसरं गाणं टिकटिकीशिवाय. मग थांबायचं किती, तिने विचारलं.

"माहीत नाही. लवूकाका पुढे बसतील. त्यांच्या खांद्यांकडे बघ."

शेजारी बसलेल्या लवूकाकांनी त्याला कोपर लावलं.

"तिका इचार, माका थयसून दर्या दिसतलो मा?"