कोऱ्या पट्ट्या

"ही ओळ झाकायची आहे, शकुमावशी." प्रसन्नने छापील अंक तिच्यापुढे ठेवला आणि तो खिडकीबाहेर बघू लागला.

शकुने चष्मा पुसला. गौरांगचा फोटो होता, तिच्या मुलाचा. खाली दरवर्षीचीच ओळ, वाळूची खाण खचून मेल्याची: रेत खदान धँसने से मृत्यु.

"काहून?"

"भोपाळहून फोन होता. तिथं खाणच नाही म्हणतात. सरकारी कागदात तो नदीत बुडाला."

चेरीताल मोहल्ल्यातल्या या हिंदी मासिकाचे गठ्ठे बांधण्यात शकुचं आयुष्य गेलं होतं. भय्यासाहेब संपादक होते तेव्हा सगळे अंक एका रिक्षात मावत. गौरांग वाळूखाली गेला तेव्हा ती ओळ त्यांनीच लिहिली. पोलीस दारात येऊन गेले, तरी दर मार्चला छापली. ते गेल्यावर त्यांच्या मुलाने, प्रसन्नने, यंदाच सरकारी शाळांची ऑर्डर मिळवली. आता वीस हजार अंक निघत, जिन्यापर्यंत रचून ठेवावे लागत. अट एकच, मजकूर आधी दाखवायचा. या खेपेला घाईत हे पान दाखवायचं राहिलं आणि अंक छापून झाले.

"पट्ट्या छापून आणल्यात." त्याने गठ्ठा पुढे केला. प्रत्येक पट्टीवर होतं: नर्मदा में डूबने से मृत्यु.

"प्रसन्ना, तुला पोहायला कोणी शिकवलं रे नर्मदेत, ग्वारीघाटावर?"

त्याने मान खाली घातली. "गौरांगनं. पण ऑर्डर गेली तर इथले सगळे घरी बसतील, मावशी. नाहीतर चलो, पानच फाडून टाकू."

"पान फाडलं तर तो कुठं राहिला?" शकुने फोटोवर बोट ठेवलं. "ओळ दिसायला नको, एवढंच ना त्यांचं? मग कोरी लाव. खोटं नको लिहू त्याच्याखाली."

प्रसन्न फोन करायला बाहेर गेला. परतला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता.

"चालेल म्हणाले. हसले वरून. म्हणे, कोरी तो और अच्छी."

शकुने कोरा कागद मागवला, पट्ट्या कापल्या, गोंदाची वाटी ओढली. पत्ते चिकटवणारी मेघना जवळ आली.

"काकू, तुम्ही घरी जा न. आम्ही करून घेतो."

"तू पत्ते लाव, बाई. हे मी करून राहिली."

पट्टी दाबली की गोंद कडेने वर सरकायचा. तो फोटोतल्या गौरांगच्या हनुवटीला लागायच्या आत शकु पदराने टिपून घेई आणि अंक मेघनाकडे सरकवी.