कडुबाचं गायरान

आषाढातल्या दोन-चार सरींनंतर पावसानं दडी मारली, तरी पिशोरजवळच्या त्या वस्तीत गायरानाच्या एका कोपऱ्यात गवत गुडघ्याला लागत होतं. ते बघायला पार शहरातल्या छावणीतून गाड्या येत. अंगारेबाबा मधोमध खुर्ची टाकून बसे. "जनावराच्या खुराचा विटाळ आम्ही अंगाऱ्यानं धुतला, अन् देवी हसली!" देवीचं ठाऊक नाही, नारळवाला मात्र खूश होता.

दगडाबाई गर्दीमागं उभी राही. तिचा नवरा कडुबा याच कोपऱ्यात मेंढ्या राखायचा. माघात छातीत कळ येऊन तो गेला. पुढं बाबा आला आणि त्यानं चारचौघांत निकाल दिला, "देवीच्या जागेत कळप बसवला, म्हणून देवीनं नेला. कळप घरात ठेवशील तर लेकही जाईल." लेक सुदर्शन वाळूजला कारखान्यात. बिचारीनं कळप खाटकाला देऊन टाकला. लंगडी म्हणून एक मेंढी त्यानं नेली नाही, तेवढी राहिली.

पोळा झाला आणि एका रविवारी शाळेतल्या करुणाबाई पाण्याची कळशी आणि कुदळ घेऊन आल्या.

"बाबा, पलीकडच्या उघड्या माळावरही टाका की अंगारा."

"तिथं पाप आहे!"

"पोळ्याला टाकला व्हता की," गावातला शेतकरी सर्जेराव बोलून गेला. "काडी उगवली नाय."

लोक हसले. बाईंनी माळावर पाणी ओतलं, ते तसंच वाहून गेलं. गवतात ओतलं, ते जागीच जिरलं. मग कुदळ मारली. खाली भुसभुशीत काळी माती, गांडुळं आणि जुन्या लेंड्या.

"मावशी, कडुबामामा मेंढ्या कशा राखायचे?"

दगडाबाई चाचरत म्हणाली, "जाळी लावायचे. एका तुकड्यात समद्या दाटीनं. तिथलं चरलं की म्होरल्या तुकड्यात. गवत पुन्हा वर आल्याबिगर मागं येऊ द्यायचे नायत. लोक हसायचे."

ती चालत गेली. गवत जिथं संपत होतं, तिथं जाळीच्या खुंट्यांची भोकं अजून होती.

"सर्जेराव, उन्हाळ्यात तुम्ही धनगराला धान्य देऊन शेतात मेंढ्या का बसवता?" बाईंनी विचारलं.

"खत पडतं म्हणून..." बोलता बोलता सर्जेरावाची नजर गवताकडं गेली.

"शेतात ते खत, आणि गायरानात चमत्कार?" बाईंचा आवाज चढला. "मामांनी गवताला विसावा दिला. बाकीच्या माळावर तुमची गुरं वर्षभर मोकाट, गवत डोकं वर काढणार कधी?"

देवीचा कोप होईल असं बजावत बाबा जीपकडं निघाला. कुणी त्याला अडवलं नाही, कुणी पायाही पडलं नाही.

"मग माझ्या माणसाला देवीनं नेला नाय?" दगडाबाईनं विचारलं.

"नाही मावशी. त्यांचं हृदय बंद पडलं. हे गायरान त्यांनीच जगवलं."

दगडाबाईनं वाकून खुंटीच्या भोकावर हात ठेवला. "अन् म्या त्याच्या मेंढ्या खाटकाला दिल्या गं बाई!" तिच्या रडण्यापुढं साऱ्या गावाच्या माना खाली गेल्या. सर्जेराव "वैनी" म्हणत पुढं आला. त्यानंही बाबाच्या पायावर डोकं ठेवलं होतं.

अंगारेबाबा आता दुसऱ्या गावी असेल, कदाचित तुमच्याच. आला तर हात जोडण्याआधी कळशीभर पाणी ओतून बघा, कुदळ मारून बघा, भीड न धरता विचारा. पण वेळेवर विचारा. दगडाबाई आजही त्या कोपऱ्यात कडुबाची जाळी लावते आणि आत एकटी लंगडी मेंढी चरत असते.