लघवीचा रिपोर्ट

रत्नागिरीच्या बंदरावर मासळी विकणाऱ्या गुणवंतीला चार महिने लघवीला जळजळ होत होती. बाजारातल्या बायकांच्या संडासाला कायम कुलूप, म्हणून ती दुपारपर्यंत पाण्याचा थेंब घेत नसे. नाक्यावरच्या डॉक्टरांकडे ती तीनदा गेली. तिन्ही वेळा त्यांनी मान वर न करता त्याच गोळ्या लिहिल्या.

"पाणी पीत जा, मावशी." बस, एवढंच.

मग एक दिवस थंडी वाजून ताप भरला, कमरेतून कळा येऊ लागल्या. सून रुचिराने तिला रिक्षात घालून मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी आधी लघवी तपासायला पाठवली, मग सलाईन लावलं. तिसऱ्या दिवशी त्या रिपोर्ट घेऊन आल्या.

"ही औषधांची यादी. तुम्ही खात होतात ती ही गोळी. तुमचे जंतू तिला दादच देत नाहीत. खालची दोन लागू पडतात."

"दुसऱ्यांदा गेले तेव्हाच तपासलं असतं तर?"

बाईंनी रिपोर्ट खाली ठेवला. "तर बहुधा मूत्रपिंडापर्यंत गेलं नसतं."

सहाव्या दिवशी सुटका झाली. गुणवंतीने रिक्षा नाक्याकडे वळवायला लावली.

"आई, आधी घरी चला," रुचिरा म्हणाली.

"गप बस गो!"

बाजारात तिच्या शेजारी मासळी विकणारी गंगा नाक्यावरच्या दवाखान्यात डॉक्टरांसमोरच बसली होती. तिलाही तोच त्रास, दुसऱ्यांदा. टेबलावर तिच्या नावाची चिठ्ठी. गुणवंतीने ती उचलून रुचिराकडे दिली. "वाच."

गोळी तीच होती.

गुणवंतीने रिपोर्ट टेबलावर आपटला. डॉक्टरांनी तो वरवर पाहिला. "तुम्ही कोर्स अर्धवट सोडला असेल."

"एक गोळी सोडली नाही मी! अंगात ताप घेऊन गिळल्या. मासा घेताना गिऱ्हाईक कल्ला उघडून बघतं, तुमी बाईला एकदा नीट विचारत पण नाही. मी मेले असते तर कुणाला दोष दिला असतात?"

बाहेर नंबर लावून बसलेल्या बायका दारात येऊन उभ्या राहिल्या. डॉक्टर घाम पुसत म्हणाले, "मावशी, हळू बोला."

"नाही बोलणार. आधी हिची लघवी तपासायला लिहा."

त्यांनी नवा कागद ओढला आणि लिहिलं. गंगा तो घेऊन लॅबकडे गेली. गुणवंती मात्र तिथेच खुर्ची ओढून बसली. राग उतरला नव्हता.

"आता पुढची कोण?" तिने दारातल्या बायकांना विचारलं.