प्रेमाचा एक

मित्रांनो, मी एक जुना रिंग पाना आहे. एका टोकावर बारा आणि दुसऱ्यावर तेरा असे आकडे कोरून मला कारखान्यातून बाहेर पाठवलं, तेव्हापासून माझ्या चेहऱ्यावर बारा वाजलेलेच आहेत. त्यामुळे मी हसतोय की रडतोय, हे बघणाऱ्याला कधीच कळत नाही.

माझं काम सोपं. बोल्टचं डोकं चहूबाजूंनी धरायचं आणि हात नेईल तिकडे फिरायचं. उघड्या तोंडाचा पाना दोनच कडा धरतो, जोर लागला की घसरतो, आणि बोल्टचं डोकं गोल होऊन बसतं. मग त्याला कुणीच धरू शकत नाही. मी मात्र धरलं की धरलं. पण मी बोल्टला धरतो तेव्हा माणूस मला धरतो, म्हणजे दोघांचा स्वभाव माझ्याकडे जमा होतो. घाईतला हात, घरून भांडून आलेला हात, कुणी बघतंय म्हणून उगाच जोर दाखवणारा हात. मला सगळे पाठ आहेत.

माझे मालक पैलवान. ते कधी कुस्ती खेळले नाहीत, पण मनगट बघून लोकांनी नाव ठेवलं आणि त्यांनीही ते मनावर घेतलं. चढावरच्या पत्र्याच्या गॅरेजात ते गाड्यांची इंजिनं उघडत, आणि जोडताना प्रत्येक बोल्ट नीट आवळून झाला की गिऱ्हाइकाकडे बघत म्हणत, "आणि हा एक प्रेमाचा!" मग मला आणखी एक हिसका. गिऱ्हाईक खूश. पैलवानांनी आवळलेलं सुटत नाही, असं जो तो सांगे. मित्रांनो, लोकांना काम कळत नाही, हिसका कळतो.

खरं तर तो हिसका बोल्टला कधीच मानवत नव्हता. बोल्ट दगडासारखा दिसला, तरी आवळताना तो किंचित ताणला जातो. त्या ताणावरच सगळं टिकतं. त्यापुढे ओढलं की तो आतून हरतो. जोर वाढत नाही, तरी तो मऊ मऊ फिरायला लागतो. पैलवानांच्या बोटांना हा मऊपणा बरोबर कळे. म्हणून त्यांचा प्रेमाचा हिसकाही वेळेवर थांबायचा.

मग एक दिवस तो थांबला नाही. बोल्टचं डोकं तुटून माझ्या तोंडात आलं आणि धड इंजिनात राहिलं. "बोल्टच कच्चा होता," पैलवान म्हणाले. काही दिवसांनी दुसरा तुटला. तोही कच्चा. पुढे एका इंजिनाच्या ॲल्युमिनियमच्या भागातले आटेच निघून आले, तेव्हा ॲल्युमिनियम कच्चं ठरलं. त्यांची मुलगी शेजारच्या गाडीखाली काम करायची. तिने एक टॉर्क पाना आणला. ठरवलेला जोर झाला की तो 'कट्' करतो. लांब, चकचकीत, मखमलीच्या पेटीत झोपणारा. मी खिळ्याला लटकून धूळ खाऊ लागलो. पण त्याला फक्त आवळायला घेतात. गंजलेलं सोडवायचं काम आलं, की पेटी बंद आणि खिळ्याकडे हात.

तसं काम व्हॅनवाल्या काकूंनी आणलं. त्या शाळेच्या मुलांची ने-आण करायच्या. व्हॅनचा पाण्याचा पंप गळत होता, आणि उद्या व्हॅन उभी राहिली तर शाळा दुसरी लावणार होती. पंपाचे वरचे बोल्ट निघाले. खालचा मात्र गळणाऱ्या पाण्याने गंजून इंजिनाशी एक झाला होता. तो आत तुटला, तर सगळं इंजिन उतरवावं लागणार.

पैलवानांनी मला त्यावर चढवलं. "पाईप आण गं. पान्याच्या दांड्यावर चढवतो. लांब दांडा झाला की बाप बाप म्हणत सुटेल."

"पाईप नको, बाबा. तेल पिऊ दे त्याला."

"तेल पाजायला तो काय पाहुणा आहे?"

"पाहुणाच आहे. जायचं नाव घेत नाही."

काकू म्हणाल्या, "होऊ द्या तुमचं निवांत. तोवर माझी पोरं शिकून नोकरीला लागतील."

काकू चहाला गेल्या. मुलीने गंजावर तेल सोडलं, बोल्टच्या डोक्यावर हातोडीने हलके टोले दिले, पुन्हा तेल सोडलं. पैलवानांची बोटं माझ्यावरच होती. थंड, लाकडासारखी. कितीतरी दिवस ती मला ओळखीची वाटत नव्हती.

मुलगी त्यांच्याकडे न बघताच म्हणाली, "ते बोल्ट तुटले ना, त्याआधी ते मऊ लागले नव्हते का हाताला?"

पैलवानांनी अंगठा माझ्या दांड्यावर घासून पाहिला.

"बोटं बधिर झालीत. हाताला काही लागतच नाही गं."

"कधीपासून?"

"बोल्ट कच्चे निघायला लागले तेव्हापासून."

तिने हात पुसले आणि मला त्यांच्या मुठीतून सोडवून घेतलं. जोर लावावा लागला नाही. मग एक लांब स्क्रू-ड्रायव्हर त्यांच्या हातात देऊन म्हणाली, "कान तर शाबूत आहेत ना? ऐका."

पैलवानांनी त्याचं टोक इंजिनाला टेकवलं, त्याची मूठ कानाला लावली. तिने मला आधी अगदी थोडं आवळायच्या दिशेने ढकललं, मग सोडायच्या.

"गप्प आहे. थांब," ते म्हणाले. पुन्हा तेल. पुन्हा टोले. "आता ओरडला बघ. गंज सुटतोय. जरा मागे घे, पुन्हा पुढे. घाई करू नकोस."

पाव फेरा पुढे, जरासा मागे, असं करत तो बोल्ट शेवटी अख्खा बाहेर आला. पैलवानांनी तो डोळ्यांजवळ धरून पाहिला.

नवा पंप बसला. मुलीने बोल्टचे आटे तारेच्या ब्रशने घासले, पहिले फेरे बोटांनीच दिले, कारण वाकडा शिरणारा बोल्ट बोटाला लगेच कळतो. मग पेटीतल्या साहेबांनी कट् केलं.

काकू परत आल्या होत्या. "अहो पैलवान, प्रेमाचा राहिला की!"

"नाही," पैलवान म्हणाले. "झालंय तेवढं पुरेसं आहे."

"आणि तो अडलेला काढला कुणी?"

"हिने. मी नुसता ऐकत होतो."

दुसऱ्या दिवशी त्यांना डॉक्टरकडे जायचं होतं. निघताना ते सदऱ्याची बटणं उघडीच ठेवून मुलीसमोर उभे राहिले. तिने एकेक करून लावली. गळ्याजवळचं फार ओढलं नाही.

मित्रांनो, आम्हा पान्यांना काम झालं की पुसून ठेवा. गंजलेल्या बोल्टला वेळ द्या. आणि तुमच्या घरातल्या एखाद्या हातातून कप निसटला, सुईत दोरा जाईना झाला, तर कपाला किंवा सुईला नावं ठेवून मोकळे होऊ नका. तो हात आपल्या हातात घ्या आणि विचारा, काही लागतंय का हाताला?