तक्त्यातली दुसरी ओळ

तुर्भ्याच्या मार्केटमागच्या शीतगृहात सुमेधा कॉम्प्युटरवर बसायची. शीतगृहात बारा रूम होत्या, आणि मालकांनी प्रत्येकीत तापमान टिपणारं यंत्र बसवलं होतं. त्याचे आकडे कॉम्प्युटरवर रूमच्या नावाच्या फोल्डरमध्ये येऊन पडत: रूम१, रूम२, थेट रूम१२पर्यंत. एकेक फोल्डर उघडून आकडे उतरवण्यात सुमेधाची सकाळ जायची. शेवटी कंटाळून तिने एक स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्राम, लिहिली. ती सगळे फोल्डर आपणच ओळीने उघडायची, आकडे घ्यायची आणि छापील तक्ता हातात द्यायची. मॅनेजर दिनानाथ सामंत खूश झाले. कोपरखैरण्याला घरी सुमेधाने आईला ते दोनदा सांगितलं.

सगळ्या रूम सारख्याच थंड होत्या तोवर ठीक चाललं. मग एका सकाळी तक्त्यात रूम दोन तापलेली दिसली. मेकॅनिक भैरू आत जाऊन आला आणि काही बिघाड नाही म्हणाला. दुसऱ्या दिवशीही तक्ता तेच सांगत होता. सामंतांना वाटलं, भैरू काम टाळतोय. मशीन खोटं बोलत नाही, असं म्हणत त्यांनी हमालांसमोरच त्याला झापलं. पन्नाशीचा तो साताऱ्याकडचा माणूस खाली मान घालून उभा राहिला. आपल्या तक्त्यामुळे हे झालं, म्हणून सुमेधाला चैन पडेना. ती भैरूकडे गेली आणि मला ती रूम दाखवा म्हणाली.

आत मिरचीची पोती रचलेली होती. थंडीने तिचे दात वाजायला लागले.

“मी काय खोटं सांगतुय व्हय, म्याडम?” भैरू म्हणाला.

तिने परत येऊन रूम२चा फोल्डर स्वतः उघडला. आकडे थंडच होते. मग तापलेले आकडे कुणाचे? स्क्रिप्ट फोल्डर कोणत्या क्रमाने घेते ते तिने पडद्यावर आणलं. कॉम्प्युटर नावं अक्षरांप्रमाणे लावत होता: रूम१नंतर रूम१०, मग ११, १२, आणि त्यानंतर कुठे रूम२. स्क्रिप्ट मात्र ओळींना सरळ एक, दोन, तीन असे नंबर देत सुटली होती. तक्त्यातली दोन म्हणजे खरी दहा.

दहामध्ये सफरचंदं होती. सुमेधा भैरूला हाका मारत धावली. दार उघडताच आंबूस वास आला. पंख्याची मोटर जळाली होती. हमालांनी पेट्या भराभर दुसऱ्या रूममध्ये हलवल्या. भिंतीलगतची बरीच फळं मऊ पडली होती, बाकीची वाचली.

चूक माझ्या स्क्रिप्टची, असं सुमेधाने सामंतांना सांगितलं. मोटर जळाली एवढंच व्यापाऱ्याला सांगू, बाकी विषय सोड, असं त्यांचं म्हणणं पडलं.

“सर, भैरूमामांना तुम्ही सगळ्यांसमोर बोललात,” ती म्हणाली.

सामंतांनी फोन उचलला. मग चहाच्या वेळी सुमेधा एकटीच हमालांमध्ये गेली आणि काय झालं ते तिने सगळ्यांना सांगितलं. भैरूने ऐकून घेतलं, तिला बसायला एक खोकं पुढे ओढलं, आणि तारा कुठून जळत गेल्या होत्या ते दाखवायला काढून आणलेली मोटर उघडली.