न झालेला अर्ज

अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात हप्ते थकलेल्या घरांचे लिलाव काउंटी कचेरीच्या पायऱ्यांवर होतात. बँकेचा वकील कागद वाचतो, बोली बहुतेक वेळा बँकच लावते, आणि पाच मिनिटांत कुणाचं तरी घर जातं. ओडेल प्रॅथर वकिलाने सव्वीस वर्षं या पायऱ्यांवरच नाव कमावलं, आणि तेही तिकडे फारसं न फिरकता. लिलाव बाराचा असला की बाराला दोन मिनिटं कमी असताना तो आपल्या ऑफिसातून अशिलाचा दिवाळखोरीचा अर्ज दाखल करायचा. अर्ज पडला की लिलावाला स्थगिती आपोआप लागायची आणि पायऱ्यांवरचं वाचन अर्ध्यावर थांबायचं. इतकं ताणण्यात हिशोब होता, कारण तेवढे दिवस अशिलाला बिनहप्त्याचे मिळत आणि कोर्टाची फी जमवता येई. थोडी ऐटही होती, हे खोटं कशाला बोला.

मग एका ऑक्टोबरात दिवाळखोरीचा नवा कायदा लागू झाला. कर्जं बुडवणारे लोक माजलेत असं राजधानीतल्या पोटभरल्या मंडळींना वाटलं आणि त्यांनी पाचशे पानं छापली. अशिलाने दिलेल्या आकड्यांची जबाबदारी आता वकिलाच्याही डोक्यावर आली. ओळखीच्या निम्म्या वकिलांनी हे काम सोडलं, उरलेल्यांनी फी दुप्पट केली. त्यातच एक कलम होतं. अर्ज करण्याआधी कर्जदाराने सरकारमान्य सल्लागाराकडून फोनवर काटकसरीचे धडे घ्यायचे आणि तसा दाखला मिळवायचा. सल्ला मागूनही पाच दिवसांत नंबर लागला नाही, तरच अडलेल्याला सूट.

व्हर्लीन टब्ज शाळेच्या स्वयंपाकघरात काम करायची. नवरा लेस्टर अर्धांगाने सात महिने अंथरुणाला खिळलेला, तिच्या निम्म्या रजा त्याच्यापायी गेलेल्या. एकोणीस वर्षं भरत आणलेल्या घराचे हप्ते थकले होते. लिलावाची नोटीस घेऊन ती ओडेलकडे आली, तेव्हा बरोबर आठ दिवस हातात होते. कायद्याची पाचशे पानं ओडेलने वाचलेली होती, समासात खुणासुद्धा केल्या होत्या. पण समोर रडवेली बाई बसली आणि त्याच्या तोंडून सव्वीस वर्षांचं जुनं वाक्य निघालं.

"आत्तापासून कशाला धावपळ, व्हर्लीनबाई? पुढच्या गुरुवारी सकाळी या. बाकी माझ्यावर सोडा."

तिने सोडलं. त्या रात्री म्हणे ती महिन्याभराने गाढ झोपली.

गुरुवारी, लिलावाच्याच दिवशी, ती दहाला आली. ओडेलने तिला सल्लागार संस्थेचा फोन लावून दिला. साऱ्या देशातले बुडालेले लोक त्याच नंबरवर होते, त्यामुळे पलीकडून नुसतं संगीत वाजत राहिलं. साडेअकराला एक मुलगी बोलू लागली. महिन्याचा किराणा किती, बाहेरचं खाणं किती, असं ती विचारत गेली. व्हर्लीन लोकांना तुटक उत्तरं देणाऱ्यातली नव्हती. औषधांचा खर्च विचारला की लेस्टर कुठे कसा पडला इथपासून ती सुरुवात करी. ओडेल घड्याळाकडे बघत दारात उभा होता. बाराला दोन मिनिटं कमी असताना ती अजून बोलतच होती, आणि त्याने दाखल्याशिवाय अर्ज दाखल केला. दाखला आला बारा वाजून वीस मिनिटांनी. इतक्या जराशा उशिराला कोण बघतंय, असं त्याने स्वतःला सांगितलं, आणि तिला सांगितलं की घर वाचलं. तिने त्याचा हात दोन्ही हातांत धरला.

पण पायऱ्यांवर वाचन थांबलं नव्हतं. बँकेनेही नवा कायदा वाचला होता.

डिसेंबरात सुनावणी लागली. दाराबाहेर बँकेची वकीलबाई ओडेलशी हळू आवाजात बोलली. त्या गल्लीत बँकेची तीन घरं आधीच रिकामी पडली होती, चोरांनी तांब्याचे नळसुद्धा उपटून नेले होते. चौथं घेऊन बँक काय दिवे लावणार होती, ते तिलाही माहीत नव्हतं. वरून हुकूम होता, एवढंच.

न्यायाधीश म्हातारे आणि कंटाळलेले होते. हे कलम आपल्याला पटत नाही, असं त्यांनी निकालात लिहिलं. वाचून दाखवण्याआधी त्यांनी ओडेलला एकच विचारलं.

"तुमच्या अशिलाने सल्ला पहिल्यांदा कधी मागितला?"

"त्याच दिवशी सकाळी, साहेब."

"मग सूटही देता येत नाही. दाखला नाही म्हणजे अर्जच झाला नाही. अर्ज नाही, तर स्थगिती कुठली? लिलाव कायम."

बाहेर आल्यावर व्हर्लीनने पर्स उघडली. पुन्हा अर्ज करायचा तर किती लागतील, हे ती विचारत होती. आता वाचवायला घर तिचं राहिलं नाही, हे ओडेलला दोनदा सांगावं लागलं. दुसऱ्यांदा ऐकल्यावर ती भिंतीलगतच्या बाकावर बसली.

"माझंच चुकलं," ती म्हणाली. "ती पोरगी आपली आकडे विचारत होती आणि मी लेस्टरचं रामायण लावलं. थोडक्यात आटोपलं असतं, तर बाराच्या आत झालं असतं ना?"

ओडेलला खरं माहीत होतं. तिच्या बडबडीने वीस मिनिटं गेली होती, आणि त्याने तिचा अख्खा आठवडा घालवला होता. ती आली त्याच दिवशी फोन लावून दिला असता, तर दाखला कधीच हातात असता. हे तिला कळलं तर ती त्याच्यावर दावा लावू शकत होती. वकिलीतल्या चुकांसाठी त्याचा विमा होता, लेस्टरसाठी दुसरं छप्पर होण्याइतके पैसे तिला मिळालेही असते. आणि एकसष्टाव्या वर्षी त्याच्या दारावरची पाटी उतरली असती. सांगायला दोन वाक्यं पुरली असती, आणि ती त्याच्या ओठांवर आलीही होती.

"असं मनाला लावून घेऊ नका," तो म्हणाला.

"लेस्टरला मीच सांगते. माझ्या तोंडाने घर गेलं म्हणून सांगते. तो काही बोलायचा नाही, त्याला बोलताच येत नाही." ती उठली, कोट नीट केला. "तुम्ही तरी आणखी काय करणार होतात, वकीलसाहेब? तुमच्याकडून तुम्ही सगळं केलंत."

ती त्याच्याकडे बघत थांबली. तिला फक्त होकार हवा होता.

"हो," ओडेल म्हणाला.